कठड्याची उंची कोणी मोजली?

दर उन्हाळ्यात ही बातमी येतेच. स्पेनच्या मायोर्का बेटावर किंवा शेजारच्या इबिझावर सुट्टीला आलेला विशीतला एक तरुण पहाटेच्या सुमारास हॉटेलच्या बाल्कनीतून खाली पडतो आणि वाचतो. बातमी चार-पाच ओळींची असते. वय, देश, कितवा मजला, ‘प्रकृती गंभीर पण स्थिर’, आणि शेवटी बहुतेक वेळा ‘दारूच्या नशेत असल्याचं समजतं’. मग वाचणाऱ्यांत दोन तट पडतात. एक तट हात जोडतो: देव तारी त्याला कोण मारी, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. दुसरा तट दात-ओठ खातो: एवढी ढोसायला कोणी सांगितली होती, करावे तसे भरावे, वर पुन्हा सरकारी इस्पितळातली खाट अडवून बसला. हा वाद मी बरीच वर्षं बघतोय आणि दरवर्षी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तसाच होतो.

दोन्ही तटांना एक प्रश्न पडत नाही: त्या बाल्कनीचा कठडा किती उंच होता? ज्याला हा चमत्कार वाटतो त्याला मोजमापाशी कर्तव्य नसतं, कारण चमत्काराला कारण लागत नाही. ज्याला हा दोष वाटतो त्याला कारण आधीच सापडलेलं असतं, ते त्या तरुणाच्या रक्तात असतं. म्हणजे भक्ती आणि संताप दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात आणि पुढची चौकशी बंद होते. माझं म्हणणं असं की पडून वाचलेला माणूस हा सगळ्यात आधी साक्षीदार असतो. जे मेले ते काही सांगू शकत नाहीत. हा सांगू शकतो: पाय कुठे होता, हात कशावर होता, बाल्कनीत दिवा होता का, कुलूप आतून लागलं होतं का. त्याला देवाचा लाडका किंवा मूर्ख ठरवलं की त्याची साक्ष नोंदवायची आपली जबाबदारी संपते, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच इमारतीतून दुसरा पडतो.

या प्रकाराला स्पॅनिश वर्तमानपत्रांनी २०१० च्या आसपास एक नाव दिलं, ‘बाल्कनिंग’. बाल्कनीतून जलतरण तलावात उडी मारायची किंवा एका बाल्कनीतून दुसरीत जायचं, असं वेड. असे प्रकार घडतात, त्यांची चित्रणं आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नावाची ताकद मोठी असते. ‘-इंग’ लागलं की ती एखादी कृती होते, हौसेने केलेली, जणू पोहणं किंवा गिर्यारोहण. मग जो कोणी बाल्कनीतून पडेल तो ‘बाल्कनिंग करत होता’ असंच धरलं जातं. पाल्मा शहरातल्या सोन एस्पासेस या विद्यापीठ रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी २०१० ते २०१५ या काळात असे पडून आलेले ४६ रुग्ण तपासले. जवळपास सगळे पुरुष, सरासरी वय चोविशीचं, निम्म्याहून जास्त ब्रिटिश, सरासरी उंची सुमारे आठ मीटर, आणि जवळपास सगळ्यांच्या पोटात दारू. इथवर संतापणाऱ्या तटाला हवं तसंच आहे. पण त्याच अभ्यासात हेही आहे की तलावात उडी मारायला गेलेले त्यातले थोडेच होते. बहुतेक जण पडले होते. तोल जाऊन, घसरून, कठड्यावरून कलंडून. ज्यांनी काही ‘केलं’च नव्हतं, त्यांनाही त्या एका शब्दाने खेळाडू करून टाकलं.

२०१८ च्या उन्हाळ्यात मायोर्कावरच्या मगालुफ या पर्यटनस्थळी एकाच इमारतीच्या आवारात महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने दोन ब्रिटिश तरुण पडून मेले. दुसरा तर अठरा वर्षांचा होता. दोघेही कुठल्या बाल्कनीवर चढले नव्हते. आवारातली एक ठेंगणी, जेमतेम गुडघ्याएवढी भिंत होती, तिच्या पलीकडे जमीन एकदम कित्येक मीटर खाली गेलेली. पहिला मेला तेव्हा ती भिंत उंच झाली असती तर दुसरा आज जिवंत असता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ‘बाल्कनिंगचा आणखी एक बळी’ म्हणताना भिंत कोणाला दिसेल? त्या मुलांच्या आईवडिलांना दुःखात असताना आधी हे सिद्ध करत बसावं लागलं की आमचा मुलगा उडी मारायला गेला नव्हता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात क्रूर भाग आहे.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. दारू त्या तरुणाने स्वतः प्यायलेली असते, कोणी नाक दाबून पाजलेली नसते. तो सज्ञान असतो. त्याच्या पडण्याचा त्रास फक्त त्याला होत नाही. सकाळी सहाला कामावर आलेली सफाईची बाई तलावाच्या कडेला जे बघते ते ती आयुष्यभर विसरत नाही. खाली कोणी बसलेलं असतं तर? मायोर्का आणि इबिझा ज्यांत येतात त्या बेलिआरिक बेटांची वस्ती सुमारे १२ लाख आणि २०२३ या एका वर्षात तिथे आलेले पर्यटक सुमारे १ कोटी ७८ लाख. आपल्याच गावात रात्री झोप नाही, घराची भाडी परवडत नाहीत, रुग्णवाहिका नशेत पडलेल्यांना उचलण्यात गुंतलेली, अशा माणसाने वैतागून ‘पडू दे’ म्हटलं तर त्याला निर्दय म्हणायची माझी हिंमत नाही. २०२४ मध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो रहिवासी उतरले, ते उगीच नाही. त्यांची तक्रार खरी आहे.

पण या तक्रारीचा रोख कुठे जायला हवा? दारू पर्यटकाने प्यायली हे खरं. ती कोणत्या दराने, किती आणि कशी विकली गेली? या बेटांवरच्या काही भागांचा धंदाच वर्षानुवर्षं यावर उभा आहे. राहणं, खाणं आणि हवी तेवढी दारू, सगळं एकाच रकमेत. एकावर एक ग्लास फुकट. एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये रात्रभर नेणाऱ्या टोळक्यांच्या सहली. जानेवारी २०२० मध्ये बेलिआरिक सरकारने अध्यादेश काढून प्लाया दे पाल्मा, मगालुफ आणि सांत अंतोनी इथल्या ठराविक पट्ट्यांत यावर बंदी घातली. सगळं धरून पैसे घेणाऱ्या हॉटेलात दुपारच्या जेवणाबरोबर तीन आणि रात्रीच्या जेवणाबरोबर तीन, एवढेच पेले मिळतील असं ठरवलं, दुकानांतली दारूविक्री रात्री साडेनऊनंतर बंद केली, आणि फार गंभीर गुन्ह्यांसाठी सहा लाख युरोंपर्यंतचा दंड ठेवला. सरकारला हा कायदा करावा लागला, याचाच अर्थ तोवर ही मर्यादा नव्हती. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर दिवसभर मोजदाद न ठेवता दारू ओतली जाते, तिच्याच पाचव्या मजल्यावर कमरेखाली राहणारा कठडा आहे, आणि ही दोन्ही कामं एकाच मालकाची आहेत. ग्राहक प्यायलेला असणार, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? मग प्यायलेल्या माणसाला पेलेल असा कठडा बांधणं हे त्याचं काम नाही तर कोणाचं?

दारूने नेमकं काय होतं तेही बघू, कारण ‘नशेत होता’ म्हटलं की सगळ्यांना सगळं कळलं असं वाटतं. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो आणि त्या द्रवात एक मऊ पडदा. डोकं हललं की द्रव मागे राहतो, पडदा वाकतो आणि मेंदूला वळण्याची दिशा कळते. रक्तातली दारू त्या पडद्यात आधी शिरते, द्रवात उशिरा. काही तास पडदा द्रवापेक्षा हलका राहतो आणि तरंगायला लागतो. डोकं स्थिर असलं तरी मेंदूला निरोप जातो की तू फिरतोयस. खोलीत गरगरतं म्हणून माणूस हवेसाठी बाहेर येतो. बाहेर म्हणजे बाल्कनीत. कठड्याला टेकतो, ओकारी आली म्हणून पुढे वाकतो. या सगळ्यात शौर्य दाखवायची हौस कुठे आहे?

आणि आता कठडा. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. एक मीटर ऐंशी उंचीच्या पुरुषाचा जमिनीपासून जवळपास एक मीटरवर. कठडा त्याच्या वर असेल तर टेकलेला, ढकललेला, झोकांडी गेलेला माणूसही आतच राहतो. खाली असेल तर कठडा अडवत नाही, उलट तोच खुंटा होतो आणि शरीर त्याच्याभोवती फिरून पलीकडे जातं. २००६ पासूनच्या स्पॅनिश बांधकाम संहितेत खाली जमिनीपर्यंतची उंची सहा मीटरपर्यंत असेल तर कठडा किमान ९० सेंटिमीटर आणि त्याहून जास्त असेल तर किमान १ मीटर १० सेंटिमीटर हवा. या दोन आकड्यांमधल्या वीस सेंटिमीटरमध्ये उंच माणसाचा गुरुत्वमध्य बसतो. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या, नियमात अगदी चोख बसणाऱ्या बाल्कनीतही उंच तरुणाला तो कठडा कमरेवर नाही तर मांडीच्या वरच्या टोकाला लागतो. शिवाय या किनाऱ्यावरची कितीतरी हॉटेलं १९६० आणि ७० च्या दशकातल्या पर्यटनाच्या लाटेत घाईने उभी राहिलेली. नवी संहिता नव्या बांधकामाला आणि मोठ्या फेरफारांना लागू होते. जुनी बाल्कनी जशी आहे तशी राहू शकते. खोलीतली गादी बदलते, दूरदर्शन संच बदलतो, स्वागतकक्षाची फरशी बदलते. कठडा तोच राहतो.

मी स्वतः अशा एका बाल्कनीत उभा राहिलो आहे. रंगाचे थरावर थर चढलेला लोखंडी कठडा, आडव्या पट्ट्यांचा, म्हणजे शिडीच. खाली प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली, कठड्याला अगदी खेटून, कारण बाल्कनी एवढी अरुंद की दुसरीकडे जागाच नाही. शेजारच्या खोलीची बाल्कनी मधल्या पातळ भिंतीपलीकडे, हात लांबवला तर पोचेल अशी. किल्ली आत राहून दार लागलं आणि मित्र शेजारच्या खोलीत असला, तर विशीतल्या मुलाला पहिला कोणता विचार सुचेल हे ती रचनाच सांगत होती. मी दारूचा थेंबही घेतला नव्हता आणि तरी मी दोन पावलं मागे आलो.

यावर उत्तर येतं की ज्याला चढायचंच आहे त्याला कुठला कठडा अडवणार? आणि मग काय, सगळ्या बाल्कन्यांना पिंजरे लावायचे? पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. तलावात उडी मारायचं ठरवूनच जो कठड्यावर चढला त्याला दहा-वीस सेंटिमीटर जास्त असून फरक पडणार नाही. पण तो या घटनांतला छोटा हिस्सा आहे हे वर आलंच. थोड्यांना अडवता येत नाही म्हणून बाकीच्यांनाही अडवायचं नाही, हा कुठला न्याय? पिंजऱ्याचं म्हणाल तर हीच ओरड न्यूयॉर्कमध्येही होती. १९७० च्या आधी तिथे उन्हाळ्यात गरीब वस्त्यांतली लहान मुलं उघड्या खिडक्यांतून पडून मरायची. लोक काय म्हणायचे? आई कुठे होती? पोरं सांभाळता येत नाहीत तर जन्माला कशाला घालायची? १९७२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने एक मोहीम सुरू केली, नाव साधं होतं: मुलं उडू शकत नाहीत. त्यांनी घरोघरी जाऊन आयांना समजावलं, पण त्यावरच थांबले नाहीत. खिडक्यांना लावायच्या आडव्या पट्ट्या फुकट वाटल्या. ब्राँक्स भागात दोन वर्षांत पडणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आली. १९७६ मध्ये शहराने नियमच केला की दहा वर्षांपर्यंतचं मूल ज्या घरात असेल तिथे घरमालकाने पट्ट्या लावून द्यायच्या. त्या दोन वर्षांत ब्राँक्सच्या आया अचानक जास्त दक्ष झाल्या का? त्या आधीही तितक्याच दक्ष होत्या आणि तितक्याच दमलेल्या होत्या. बदलली ती खिडकी.

मला माहीत आहे, लहान मूल आणि प्यायलेला तरुण यांची तुलना अनेकांना खटकेल. मूल निष्पाप, तरुण नाही. मान्य. पण सुरक्षिततेची साधनं आपण निष्पापांपुरती कधीपासून ठेवायला लागलो? घाटातल्या रस्त्याच्या कडेला कठडा असतो तो फक्त सावकाश चालवणाऱ्यांसाठी असतो का? अमेरिकेत कितीतरी वर्षं मोटार कंपन्यांचं म्हणणं हेच होतं की अपघात गाडीने होत नाहीत, चालवणाऱ्याने होतात. चालवणारा बेफिकीर, प्यायलेला, घाईतला. ते खोटं नव्हतं. फक्त त्याने एकही जीव वाचत नव्हता. १९६६ चा वाहन सुरक्षा कायदा आला, गाडीत पट्टे आले, छातीत न घुसणारं स्टिअरिंग आलं. त्यांनी चूक करणाऱ्यालाही वाचवलं आणि त्याच्या शेजारी बसलेल्यालाही.

या गोष्टीचं मूळ तर एका पडलेल्या आणि वाचलेल्या माणसातच आहे, आणि चमत्कार मानणाऱ्या तटाने ते जरूर वाचावं. ह्यू डीहेवन हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेत होता. १९१७ मध्ये त्याचं विमान हवेत दुसऱ्या विमानावर आदळून कोसळलं. तो वाचला, पण पोटातल्या गंभीर दुखापतींसह. त्यालाही लोकांनी नशीबवान म्हटलं. त्याने मात्र स्वतःलाच विचारलं: मी का वाचलो, आणि पोटालाच एवढं का लागलं? त्याचा संशय गेला पट्ट्याच्या टोकदार बकलवर. पुढे त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा माग काढला आणि १९४२ मध्ये पन्नास ते दीडशे फुटांवरून पडलेल्या आठ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कशावर पडलं, जमीन किती दबली, शरीर कसं आडवं होतं, हे सगळं मोजून. निष्कर्ष असा की शरीर थांबायला थोडं अंतर मिळालं आणि धक्का अंगभर पसरला तर माणूस आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त सहन करतो. कॉर्नेल विद्यापीठात त्याने हेच काम पुढे नेलं आणि मोटारीतली सुरक्षितता त्या पायावर उभी राहिली.

हिशेब कोणालाही करता येईल. आठ मीटरवरून पडणारं शरीर सव्वा सेकंदात खाली पोचतं, तेव्हा त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो. ते किती जोराने थांबतं हे काढायला पडण्याची उंची थांबण्याच्या अंतराने भागायची. फरशीवर, शरीर दबून दहा सेंटिमीटरमध्ये थांबलं असं धरलं, तर गुरुत्वाच्या ऐंशी पट. झुडपात, कापडी छतावर, अर्ध्या मीटरमध्ये थांबलं तर सोळा पट. काळ आणि वेळ यांच्यामधलं अंतर ते चाळीस सेंटिमीटर आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही. ज्या आईचा मुलगा वाचला तिने देवाचे आभार मानले तर कोण तिला अडवेल? पण बाकीच्यांनी तरी विचारायला हवं की खाली झुडूप होतं म्हणून हा वाचला असेल, तर इतर बाल्कन्यांखाली काँक्रीट का आहे? ‘प्यायलेल्याला लागत नाही, अंग सैल असतं’ हेही असंच पसरलेलं मत. रुग्णालयात पोचतात ते जिवंत राहिलेले. जागच्या जागी गेलेल्यांचं अंगही सैलच होतं, त्यांना कोण मोजतं?

आणि ‘वाचला’ या शब्दात काय काय असतं? पायांवर पडलेल्या माणसाच्या आधी टाचा फुटतात. धक्का तिथून नडगी, मांडी, कंबर असा वर चढतो आणि पाठीचा सरळ भाग जिथे कमरेच्या बाकाला मिळतो तिथे, कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास, मणका चिरडतो. हाडाचे तुकडे मागे मज्जारज्जूकडे सरकले तर पाय जातात, लघवीवरचा ताबा जातो. शल्यचिकित्सकांना टाच आणि मणका ही जोडी इतकी ओळखीची आहे की फुटलेली टाच दिसली की ते न विचारता पाठीचं क्ष-किरण चित्र काढतात. चोवीस वर्षांच्या मुलाच्या पुढच्या पन्नास वर्षांना आपण ‘बालंबाल बचावला’ या दोन शब्दांत गुंडाळतो.

शिवाय तो परक्या देशात असतो. आईवडील मिळेल त्या विमानाने येतात, हातात घाईने भरलेली बॅग, संमतीपत्र न कळणाऱ्या भाषेत. ब्रिटिश पर्यटकाला त्याच्या आरोग्यपत्रावर स्पेनच्या सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात, पण खाटेसकट विमानाने घरी आणण्याचा खर्च त्यात बसत नाही. आपल्याकडून शेंगेन व्हिसावर जाणाऱ्यांना किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा काढावाच लागतो. त्यात मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असतो. पण बहुतेक विमापत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अपघात दारूच्या अमलाखाली झाला तर भरपाई नाही. मग नातेवाईक वर्गणी गोळा करतात. इथे ‘करावे तसे भरावे’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन: भरतो कोण? घर गहाण टाकणारा बाप त्या रात्री बाल्कनीत नव्हता. आणि कठडा ज्याचा, त्याच्या खिशातून यातलं काय जातं?

बेलिआरिक अध्यादेशाचं मी वर कौतुक केलं, पण त्याच्याच एका भागाला माझा विरोध आहे. बाल्कनीतून उड्या मारणाऱ्याला दंड करायचा आणि हॉटेलने त्याला हाकलून द्यायचं, अशी तरतूद त्यात आहे. तलावाकडे झेप घेणाऱ्यापुरती ती कळण्यासारखी आहे. पण पडल्यावर कोण ठरवणार, उडी की तोल? ज्याच्यावर हजारो युरोंच्या दंडाची तलवार आहे तो खरं काय झालं ते सांगेल का? त्याचे मित्र ११२ वर फोन करायच्या आधी दोन मिनिटं एकमेकांकडे बघत राहणार नाहीत का? साक्षीदाराला आरोपी केलं की साक्ष बुडते, ही किंमत विमानवाहतुकीने फार मोठी मोजली आहे. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. नियंत्रकाच्या एका वाक्याचा वैमानिकांनी लावलेला अर्थ चुकला होता. चौकशीत कळलं की दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनी त्याच ठिकाणी तीच चूक केली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीत सांगितलंही, पण बाहेर कोणाला कळलं नाही. त्यानंतर १९७६ मध्ये नासाकडे एक व्यवस्था सोपवली गेली: वैमानिकाने आपली चूक, आपली थोडक्यात टळलेली वेळ कळवावी, नाव गुप्त राहील, आणि मुद्दाम केलेला गुन्हा नसेल तर दंडातून सूट मिळेल. तेव्हापासून लाखोंनी अहवाल आले. वैमानिक चुका करतात हे त्या धंद्याने मान्य केलं आणि ऐकायला बसला.

बाल्कनीच्या बाबतीत हे अवघड का असावं? प्रत्येक पडण्यानंतर पोलिसांच्या पंचनाम्याखेरीज बांधकाम कळणाऱ्या माणसाने जाऊन कठडा मोजावा. उंची, पट्ट्यांची दिशा, खुर्चीची जागा, शेजारच्या बाल्कनीचं अंतर, दिवा. शुद्धीवर आलेल्या रुग्णाचा जबाब दंडाच्या धमकीशिवाय, त्याच्या भाषेत घ्यावा. आणि तो आकडा इमारतीच्या नावानिशी जाहीर व्हावा. प्यायलेल्या मुलांची नावं, छायाचित्रं, गावं दुसऱ्या दिवशी छापून येतात. कठड्याची उंची कुठेच येत नाही. सहली विकणाऱ्या मोठ्या कंपन्या खोली घेण्याआधी आग विझवायची साधनं बघतात, तलावाची खोली बघतात. जुन्या इमारतीत १ मीटर १० च्या खालचा कठडा असेल तर तिसऱ्या मजल्यापासून वर खोल्या घेणार नाही, असं त्यांनी एकदा म्हटलं तर कायद्याची वाट बघावी लागणार नाही. उरलेल्या वीस सेंटिमीटरसाठी काचेची एक पट्टी लागते. समुद्र त्यातूनही दिसतो.

मणका स्क्रूंनी बांधून झाल्यावर, काही आठवड्यांनी, अशा रुग्णाला उभं करायला नेतात. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी धरायला आधार. शुश्रूषा करणारी व्यक्ती आधी त्याच्या कमरेपाशी हात ठेवते, उंची बघते, दांड्यांचे खटके सोडते, वर-खाली करते, पुन्हा बघते, आणि त्या त्याच्या अंगाला बरोबर आल्या की मगच त्याला उठायला सांगते.